मनगट भाजतं कशानं, ते काउंटरवरच तपासा: स्मार्टवॉच विक्रेत्यांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर आणि चिकोडी भागातल्या सर्व मोबाइल व घड्याळ विक्रेत्यांना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत खडेबाजार असो की निपाणीची पेठ, आपल्या काउंटरवरून स्मार्टवॉच भराभर खपतात. हजार-दीड हजारांत मिळणारं घड्याळ कॉलेजच्या पोरांपासून उद्यमबागेतल्या कामगारांपर्यंत सगळ्यांच्या हातात दिसतं. त्यातलं एखादं गिऱ्हाईक मनगटावर लाल चट्टा किंवा फोड घेऊन परत येतं, तेव्हा त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "तुमच्या स्किनला सूट होत नाही, ॲलर्जी असेल." गिऱ्हाईक गप्प घरी जातं, वाटेत मेडिकलमधून एक ट्यूब घेतं आणि घड्याळ दुसऱ्या हातात बांधतं.

या पत्रामागे घड्याळं उघडून दुरुस्त करणारे आहेत आणि त्वचेचे आजार पाहणारेही आहेत. आमचं म्हणणं एवढंच आहे की घड्याळाखाली होणाऱ्या इजा अनेक प्रकारच्या असतात आणि त्यातल्या दोन प्रकारांत गिऱ्हाइकाच्या कातडीचा काडीचाही दोष नसतो. तिथे घड्याळ सदोष असतं. त्यातला एक दोष तर दुकानात पडलेल्या साध्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत सापडतो. तो न तपासता गिऱ्हाइकाला परत पाठवणं म्हणजे तीच इजा पुन्हा करून घ्यायला पाठवणं.

आधी डाग नीट बघा. घड्याळ काढायला सांगा आणि ते पुन्हा मनगटावर धरून डाग नेमका घड्याळाच्या कोणत्या भागाखाली येतो ते जुळवा. मागच्या प्लेटएवढा किंवा पट्ट्याएवढा लालसर, कोरडा, थोडा सोलवटलेला चट्टा असेल, खाजेपेक्षा चरचर जास्त असेल आणि घड्याळ काढल्यावर तीन-चार दिवसांत उतरत असेल, तर तो ओलाव्याचा आणि साबणाचा त्रास असतो. हा सगळ्यात जास्त दिसतो. हात धुताना साबणाचं पाणी पट्ट्याखाली जातं, तिथेच अडकतं, वर घाम साठतो आणि कातडी तासन्‌तास ओली राहते. ओली कातडी फुगून मऊ पडते, तिच्यावर पट्टा घासला की वरचा थर निघतो. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की पट्टा वाळतच नाही. रोप लावणीच्या दिवसांत घड्याळ घालून चिखलात उतरणाऱ्यांचा त्रास त्यामुळेच वाढतो.

डागाला गोल, उंच कडा असेल, मधला भाग साफ होत असेल आणि तो हळूहळू पसरत असेल, तर तो नायटा आहे. दमट पट्ट्याखाली बुरशीला हवी तशी जागा मिळते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबा कुणालाही सुचवू नका. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, गिऱ्हाइकाला बरं वाटतं, पण बुरशी खाली वाढत राहते. कडा पुसट झाल्यामुळे पुढे डॉक्टरलाही नायटा ओळखणं अवघड जातं, आणि महिनोन्‌महिने लावत राहिलं तर कातडी पातळ होते.

तीव्र खाज, पाणी भरलेले बारीक फोड आणि घड्याळाच्या कडेबाहेर पसरणारी लाली, ही खरी ॲलर्जी. ती पहिल्या दिवशी येत नाही. शरीराला तो पदार्थ ओळखायला निदान दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षंही जातात. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी घड्याळ घातल्यावर एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. म्हणून "महिनाभर काही झालं नाही, आता कसं झालं?" असं विचारणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. फक्त बकलाखाली चट्टा असेल तर संशय निकेलवर घ्यावा. पूर्ण पट्ट्याखाली असेल तर रबर मऊ-टणक करायला वापरलेली रसायनं, काळा रंग किंवा चामडं कमावण्यातलं क्रोमियम. मागच्या प्लेटच्या कडेने कड्यासारखा उठला असेल तर काच आणि प्लेट चिकटवणाऱ्या गोंदातलं ॲक्रिलेट. शुद्ध सिलिकॉनची ॲलर्जी क्वचितच होते. मात्र 'सिलिकॉन' म्हणून विकला जाणारा प्रत्येक स्वस्त पट्टा सिलिकॉनचाच असतो असं नाही. कारण नक्की करायचं तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट लावतात. पट्ट्या 48 तास ठेवतात, काढल्यावर एकदा आणि 72 ते 96 तासांच्या दरम्यान पुन्हा वाचतात. पाठीवर पाणी घालायचं नसतं, म्हणून ती पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात करून घेतलेली बरी.

स्टेनलेस स्टीलचं बक्कल म्हणजे निकेल नाही, असं बरेच जण समजतात. 316 एल जातीच्या स्टीलमध्ये 10 ते 14 टक्के निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असतं आणि घामात फार थोडं सुटतं. खरा प्रश्न मुलामा दिलेल्या हलक्या बकलांचा आहे. निकेल सुटतं का हे पाहायची रासायनिक चाचणी सोपी आहे. अमोनियाच्या द्रावणात आणि डायमिथाइलग्लायऑक्झिममध्ये भिजवलेला कापूस बकलावर अर्धा मिनिट घासायचा. तो गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. युरोपात कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा नियम आहे. पट्टे घाऊक उचलताना प्रत्येक लॉटमधलं एक बक्कल असं घासून बघणं कुठल्याही दुकानाला परवडेल.

आता ज्या दोन इजांसाठी मुख्यतः हे पत्र लिहिलं, त्यांच्याकडे येतो.

पहिली इजा चार्जिंगच्या पिनांची. मनगटावर मिरीच्या दाण्याएवढे एक किंवा दोन ठिपके दिसतात. ते खोल, करडे किंवा काळपट असतात, खाज जवळपास नसते, आणि घड्याळ ठेवून पाहिलं तर मागच्या पिनांच्या बरोबर खाली येतात. याला उष्णतेचं भाजणं समजू नका, हे रासायनिक भाजणं आहे. चांगल्या घड्याळात चार्जिंगच्या पिना आणि बॅटरी यांच्यामध्ये उलटा प्रवाह अडवणारा भाग असतो, डायोड किंवा मॉस्फेट. करंट चार्जरकडून बॅटरीत जातो, बॅटरीतून पिनांवर येत नाही. हलक्या घड्याळात हा भाग गाळलेला असतो किंवा पाणी शिरून बिघडलेला असतो. मग बॅटरीचे 3.7 व्होल्ट दिवसरात्र दोन उघड्या पिनांवर, म्हणजे थेट घामट कातडीवर, उभे राहतात. घाम हे मिठाचं पाणी. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतात. ऋण पिनेखाली कॉस्टिक सोडा तयार होत राहतो आणि धन पिनेचा धातू झिजून घामात उतरतो.

प्रमाण किती, तेही पाहा. अर्धा मिलिअँपिअर करंट आठ तास वाहिला तर सुमारे 6 मिलिग्रॅम कॉस्टिक सोडा तयार होतो. तो पसरत नाही, पिनेच्या दीड-दोन मिलिमीटरच्या टोकाखाली साठतो. एवढ्या करंटची बहुतेकांना झिणझिणीही जाणवत नाही, म्हणून माणूस झोपेचा हिशोब मोजायला घड्याळ घालून रात्रभर निवांत झोपतो आणि सकाळी ठिपका दिसतो. लहान मुलाने बटण-सेल गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, ती याच प्रक्रियेने. हे आम्ही घाबरवायला सांगत नाही. कमी व्होल्टेज म्हणजे सुरक्षित, हा समज कातडी ओली असताना खोटा ठरतो, एवढं ध्यानात यावं म्हणून सांगतो.

तपासणी अशी करा. घड्याळ निदान अर्धं चार्ज झालेलं असू द्या. चार्जर काढा, पिना कोरड्या कापसाने पुसा, स्क्रीन चालू करा. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा आणि दोन टोकं दोन पिनांवर टेकवा. पिना चार असतील तर प्रत्येक जोडी तपासा. टोकं घसरून दोन पिना एकमेकांना जोडल्या जाणार नाहीत एवढी काळजी घ्या. आकडा शून्याच्या जवळ, काही मिलिव्होल्ट आला तर ठीक. 3 ते 4 व्होल्ट आले तर 10 किलोओहमचा रेझिस्टर त्याच दोन पिनांवर आडवा धरून पुन्हा मोजा. हा रेझिस्टर ओल्या कातडीच्या जागी आहे असं समजा. आकडा कोसळून शून्याकडे गेला तर गळती किरकोळ आहे, मीटरच्या मोठ्या अंतर्गत रोधामुळेच ती मोठी दिसत होती. पण रेझिस्टर लावूनही 3 व्होल्ट टिकले तर त्या पिना एक तृतीयांश मिलिअँपिअरच्या आसपास करंट सहज देत आहेत. ते घड्याळ विकू नका, आणि विकलेलं असेल तर परत घ्या. मधला आकडा आला, समजा एक-दीड व्होल्ट टिकून राहिला, तर आमच्या मते तेही घड्याळ बाजूला ठेवावं.

मल्टिमीटर नसेल तर पिनांकडे बघा. दोन्ही पिना सारख्या मळल्या असतील तर तो साधा मळ. एकच पीन हिरवी-काळी पडून खड्डा पडला असेल आणि दुसरी चकचकीत असेल, तर करंट वाहिल्याची ती खूण आहे, कारण खाल्ली जाते ती धन पीन. आणि कृपा करून मळलेल्या पिना पॉलिश पेपरने घासू नका. ही सवय आपल्याकडे फार आहे. या पिना साधारणपणे पितळेच्या, त्यावर निकेलचा थर आणि वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा अशा असतात. पेपर मारला की सोनं जातं, निकेल उघडं पडतं आणि नसलेली ॲलर्जी आपण गिऱ्हाइकाला भेट देतो. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा, हट्टी मळ मऊ टूथब्रशने काढा, पूर्ण वाळू द्या.

दुसरी इजा बॅटरीची. घड्याळातला लिथियम सेल 200 ते 300 मिलिअँपिअर-तासांचा, म्हणजे मोबाइलच्या सेलच्या मानाने फार लहान. पण तो कातडीपासून दोन-तीन मिलिमीटरवर बसलेला असतो आणि हातातून घड्याळ सोडवायला वेळ लागतो. कातडी भाजायला आगच हवी असं नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 साली दाखवून दिलं की 44 अंश सेल्सिअसला कातडी सुमारे सहा तासांत भाजते, 60 अंशांना पाच-एक सेकंद पुरतात. म्हणून "थोडं गरम होतंय, पण चालतंय" असं गिऱ्हाईक म्हणालं तर ते गंभीरपणे घ्या. हातात असताना, चार्जिंग चालू नसताना, घड्याळ स्वतःहून गरम होणं कधीच नेहमीचं नसतं.

मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. 2014 मध्ये अमेरिकेत फिटबिट कंपनीचे 'फोर्स' नावाचे सुमारे दहा लाख मनगटी पट्टे परत मागवले गेले. कातडीच्या त्रासाच्या सुमारे 9,900 तक्रारी होत्या, त्यातल्या 250 च्या आसपास फोड आल्याच्या. 2022 मध्ये त्यांचंच आयोनिक हे स्मार्टवॉच परत मागवलं गेलं ते बॅटरी तापल्यामुळे. एकट्या अमेरिकेत तापल्याच्या 115 आणि भाजल्याच्या 78 तक्रारी नोंदल्या होत्या, त्यात दोन तिसऱ्या दर्जाचं भाजणं. तक्रारी मोजल्या गेल्या म्हणूनच माल परत आला. आपल्याकडे तक्रार काउंटरवरच विरते.

सेल बिघडतो तो मुख्यतः तीन वाटांनी. पहिली पाण्याची. खोक्यावर छापलेल्या आयपी 67 या धूळ-पाणीरोधक दर्जाची पाण्याची चाचणी एक मीटर गोड्या पाण्यात अर्ध्या तासाची असते, तीही नव्या घड्याळाची. गरम पाण्याने अंघोळ, साबण आणि घाम यांचं संरक्षण त्यात मोजलेलं नाही, आणि आतला गोंद-गॅस्केट जुना होत जातो. 'वॉटरप्रूफ आहे, अंघोळीला चालतं' हे वाक्य काउंटरवरून कायमचं बंद व्हायला हवं. दुसरी वाट केबलची. दोन पिनांच्या चुंबकी केबल दिसायला सारख्या असतात, पण काहींच्या पिनांत 2.84 मिलिमीटर अंतर असतं, काहींच्या 4, आणि धन-ऋण बाजू कंपनीगणिक उलट असू शकते. 'कुठलीही चालते' म्हणून दिलेली केबल उलटी बसली तर आतलं चार्जिंगचं सर्किट जळू शकतं, आणि घड्याळ वरून चांगलं दिसत असतानाच पिनांवर व्होल्टेज यायला लागू शकतं. शिवाय ही केबल बोर्डाला लावून मोकळी सोडली तर चुंबकाला किल्ली किंवा टाचणी चिकटते आणि शॉर्ट होते. तिसरी वाट दुरुस्तीची. सेल बदलताना त्याच्यावरचा बारीक संरक्षक सर्किट बोर्ड काढून टाकणं, किंवा जागेत बसत नाही म्हणून सेल दाबून बसवणं. काच एका कडेने उचललेली दिसली तर सेल फुगला आहे. ती काच दाबून पुन्हा चिकटवू नका. असं घड्याळ चार्ज करायचं नाही, टोचायचं नाही, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात वेगळं ठेवायचं आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायचं.

मागच्या हिरव्या दिव्याने कातडी भाजते अशी समजूत बरीच पसरली आहे. तसं होत नाही. तो दिवा नाडी मोजण्यापुरता मंद प्रकाश टाकतो, त्याच्यावर कागद चिकटवायची गरज नाही. चट्टा सेन्सरच्या जागी दिसतो, कारण तिथली प्लेट किंचित वर आलेली असते आणि जास्त दाबते.

आता विकताना दोन मिनिटं काय बोलायचं, ते. पट्टा मनगटाच्या हाडापासून एक बोट वर बांधा, आणि पट्ट्याखाली करंगळी सरकेल इतका सैल ठेवा. व्यायामापुरता घट्ट करा, नंतर सैल करा. हात धुतल्यावर, अंघोळीनंतर, पावसात भिजल्यावर काढा, साध्या पाण्याने पट्टा धुवा, पुसा, घड्याळ आणि मनगट दोन्ही वाळल्यावरच घाला. दिवसातून निदान दोन तास मनगट मोकळं ठेवा. चार्जिंगवरून काढून लगेच घालू नका, पॉवर बँक लावून हातात असताना चार्ज तर मुळीच करू नका.

गिऱ्हाइकाचं काम विचारा, कारण या भागात ते महत्त्वाचं आहे. उद्यमबाग, मच्छेच्या मशीन शॉपमध्ये कूलंट पट्ट्याखाली शिरतं, त्यात अल्कली आणि जंतुनाशकं असतात. गवंडीकाम करणाऱ्याच्या पट्ट्याखाली ओलं सिमेंट अडकलं तर त्याचा पीएच 12 ते 13, म्हणजे तीव्र अल्कलीचा, असतो, एका पाळीत कातडी भाजते. गॅरेजमध्ये धातूचा पट्टा गाडीच्या बॅटरीचं धन टोक आणि बॉडी यांच्यात आला तर पट्टा क्षणात लाल होतो. या तिघांना एकच सल्ला द्या: कामावर घड्याळ खिशात.

भाजलेलं गिऱ्हाईक समोर असेल तर घड्याळ काढून मनगट वाहत्या नळाखाली 20 मिनिटं धरायला लावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, फोड फोडायचा नाही. पिनांचा ठिपका असेल तरी हेच, कारण सोडा धुऊन निघायला हवा. ठिपका खोल किंवा काळा असेल, फोड मोठा असेल, किंवा लाली वर चढत असेल तर बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी पाठवा. जाण्याआधी डागाचा आणि घड्याळाच्या मागच्या बाजूचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.

माल उचलताना खोक्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-क्रमांक पाहा. R आणि पुढे आठ आकडे असतात. स्मार्टवॉचला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते कळतं. चार्जरचा क्रमांक घड्याळाच्या खोक्यावर छापण्याचे प्रकार त्यातच उघडे पडतात. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर नसलेलं खोकं कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, कारण उद्या माल परत करायला आपल्याकडे कुणाचा पत्ताच नसेल. ही नोंदणी विजेच्या सुरक्षिततेपुरती आहे, पट्ट्यातल्या निकेलबद्दल ती काही सांगत नाही, म्हणून बकलाची चाचणी तरीही लागतेच.

कायद्याचंही सांगायला हवं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 86 थेट विक्रेत्याबद्दल आहे. उत्पादकाने दिलेली धोक्याची किंवा वापराची सूचना विकताना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता जबाबदार ठरू शकतो. खोक्यातलं माहितीपत्रक बारीक इंग्रजीत असतं. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईला किंवा नंदगडच्या शेतकऱ्याला ते देऊन सूचना पोचली असं कुणी म्हणू नये. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत पोस्टकार्डाएवढं पत्रक छापा आणि प्रत्येक बिलाला टाचा. वर लिहिलेल्यातला हवा तो मजकूर घ्या, आमची काही हरकत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पक्कं बिल द्या, त्यावर मॉडेल आणि आर-क्रमांक लिहा. दुकानात एक मल्टिमीटर, एक 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि अल्कोहोलची बाटली ठेवा, सगळं मिळून एका स्वस्त घड्याळाच्या किमतीतही बसतं. रेझिस्टर लावूनही पिनांवर व्होल्टेज टिकणारं किंवा हातात तापणारं घड्याळ वॉरंटीच्या तारखेचा वाद न घालता परत घ्या आणि ते पुन्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'डेमो पीस' म्हणून देऊ नका. आणि एक वही ठेवा: मॉडेल, विकल्याची तारीख, डाग कुठे होता, मीटरने काय दाखवलं. एकाच मॉडेलच्या दोन-तीन सारख्या नोंदी झाल्या की वितरकाला लेखी कळवा आणि उरलेला माल शेल्फवरून उतरवा. वितरक ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गिऱ्हाइकाला तक्रार नोंदवायला मदत करा. वहीतल्या नोंदी तिथे पुरावा म्हणून लागतील.

यंदाचा गणपतीचा माल अजून मागवायचा आहे. वितरकाकडे ऑर्डर देण्याआधी प्रत्येक मॉडेलचा एक नग मागवून मीटर लावा.

आपले,
घड्याळ दुरुस्ती आणि त्वचाविकार या क्षेत्रांत काम करणारे बेळगाव परिसरातले काहीजण